हातचे चार

दुपारचे तीन. ओउलूमध्ये नोव्हेंबर संपत आलाय,
खिडकीत अंधार कधीचाच येऊन बसलाय.
धरणाच्या दारांचा जुना प्रोग्रॅम माझ्याकडे आला
तो कुणाची तरी गाय सांभाळायला द्यावी तसा:
दूध काढ, शिंगांना हात लावू नकोस.

चौदाशेव्या ओळीवर एक फंक्शन.
मार्किन.
त्याला पाण्याची पातळी द्यायची,
ते चार सेंटिमीटर वजा करून परत देतं.
का, ते लिहिलेलं नाही.
पुढे दोनशे बारा ठिकाणी त्याला हाक मारलेली.

वेसा म्हणाला, कुणा साहेबाचं आडनाव, उलटं लिहिलेलं.
आम्ही उलटं वाचलं. निक्राम.
असा साहेब कुठल्याच यादीत नव्हता,
पण आठवडाभर कॉफीच्या मशीनला आम्ही निक्राम म्हणालो.
टूलिक्की म्हणाली, मार्क्किनात, म्हणजे जत्रा,
जत्रेच्या दिवशी लिहिलं असणार.
हे सगळ्यांना लगेच पटलं,
म्हणजे बहुतेक चूक होतं.

शेवटी पगारखात्याच्या पिवळ्या वहीतून
ओर्वोक्की केम्पाइनेन, वय एकोणऐंशी, मुक्काम कायानी.
तिने फोन उचलला तेव्हा मागे काहीतरी तळलं जात होतं.

"सहाच अक्षरं मिळायची तेव्हा," ती म्हणाली,
"आणि ठिपके तर नाहीच."
ज्या अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके असतील
त्याने दारातच टोपी काढून यायचं, असा मशीनचा नियम.
आता ठिपके परत दे, शेपूट जोड, मग वाच.
मी जोडलं.
मॅर्कॅकिन्नास.
ओला हातमोजा.

सत्त्याऐंशीचा जानेवारी, उणे छत्तीस.
वाऱ्यात सेन्सर बरळायला लागला,
तेव्हा ताइस्तो लेप्पिलाम्पीने स्वतःचा हातमोजा काढून
त्याच्या डोक्यावर चढवला.
लोकरीचा. ओला. तिथल्या तिथे दगड झाला.
त्यानंतर सेन्सर शहाण्यासारखा वागला,
फक्त चार सेंटिमीटर जास्त सांगायचा.
बर्फ वितळेपर्यंत तिथे पुन्हा जाणं शक्य नव्हतं,
म्हणून तिने ते लिहिलं, वीस मिनिटांत,
मेपर्यंत चालेल इतपत.

मग मी सांगितलं (सांगायला नको होतं बहुधा)
की सेन्सर त्यानंतर तीनदा बदलला,
हातमोजा कधीचा गेला, वजाबाकी मात्र चालूच आहे,
आणि तरी पाण्याचा हिशेब चुकत नाही,
कारण नऊ हजाराव्या ओळीवर दुसरं एक फंक्शन
कुणाला न सांगता चार मिळवतं.
तोवर सहा अक्षरांची अट उठली होती, म्हणून पूर्ण नाव आहे:
आन्तेएक्सी.
माफ कर.

तळण्याचा आवाज थांबला.
"ते माझं नाही," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळाने, "कुठल्या सालचं?"
एक्क्याण्णव.
"एक्क्याण्णवला मी इकडे निघून आले होते."
मग तिने विचारलं ओउलूत बर्फ किती पडलाय,
मी सांगितलं, आणि तिने फोन ठेवला.

दोन्ही काढली तरी उत्तर तेच.
मी कागदावर करून पाहिलं:
हातचे चार घेतले, हातचे चार दिले,
खाली बाकी काही नाही.
काढून टाक, वेसा म्हणतो, दहा मिनिटांचं काम.

ती दहा मिनिटं मी बसून काढली.
ठिपके आता चालतात, नवी मशीन काहीही पचवते.
तरी नाव बदललं नाही, दोनशे बारा दारं कोण ठोठावणार.
फक्त वर कॉमेंटमध्ये, जिथे मशीन वाचत नाही,
चारही ठिपके देऊन ते पुरतं लिहिलं,
आणि पुढे: डाव्या हाताचा.

हे तिने आपणहून सांगितलं होतं.
मी विचारलं नव्हतं.